शिशाची कढई, ३८० अंश आणि माझा एक गैरसमज

पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरात जाळ्याचं शिसं ओतलं जातं, किंवा शेजारच्या पडवीत ओतलं जातं, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती. बाकीच्यांनी वेळ असेल तर.

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, जाळी पडवीत पसरलेली, बाहेर धो धो पाऊस. मुंबई-पुण्याच्या लोकांना वाटतं, कोळी-गाबीत दोन महिने आराम करतो. खरं तर जाळ्याची सगळी कामं याच दोन महिन्यांत होतात. फाटलेलं शिवायचं, दोर बदलायचे आणि झिजलेलं, हरवलेलं शिसं परत लावायचं. पागाच्या कडेला मण्यांसारखं जे शिसं असतं त्याच्यामुळेच पाग पाण्यात पडल्या पडल्या तळाला बसतो. लोखंड चालत नाही असं नाही, पण ते हलकं पडतं, गंजतं आणि गंजलं की दोऱ्याला खातं. म्हणून शिसं.

आमचे काका हे शिसं पंचवीस वर्षं ओततायत. मालवणच्या किनाऱ्यावर आमचं गाव. एका पावसाळ्यात चार-पाचशे किलो तरी त्यांच्या पळीखालून जातं. वाडीतल्यांना, बाजूच्या वाडीतल्यांना आणि दोन दुकानांना. तीन दगडांची चूल, खाली सोडणं आणि करवंट्या, वर जाड लोखंडी कढई, हातात लांब दांड्याची पळी आणि दोन भागांचा साचा. पागाला लागणारे मणी, जाळ्याला लागणाऱ्या लांबट गोळ्या, सगळं त्यातूनच.

आणि काकांचा थर्मामीटर म्हणजे नारळाचा हीर. सुका हीर शिशात बुडवायचा. नुसता तपकिरी झाला तर अजून थांब. काळा पडला, धूर आला, पण पेटला नाही, तर ओत. भुर्रकन पेटला तर सोडणं मागे ओढ. ही पद्धत अडाणी आहे असं कोणी म्हणू नये. गिरणीच्या, इंजिनाच्या बेअरिंगमध्ये व्हाईट मेटल ओतणारे जुने फिटर लाकडाची काडी घालून असंच बघायचे.

अडचण एवढीच की हीर ‘आत्ता किती’ हे सांगतो. चूल त्याचं ऐकत नाही. करवंट्यांनी एकदम पेट घेतला की पाच मिनिटांत कढई कुठच्या कुठे जाते. वारा पडला की परत खाली. थंड शिसं साच्यात अर्ध्यावर गोठतं, मण्यावर सुरकुत्या येतात, भोक बुजतं. जास्त तापलं की वरती भराभरा मळी धरते. आधी करडी साय, मग त्यावर पिवळी, निळसर-जांभळी झाक आणि मग पिवळी पूड. ती पूड म्हणजे हवेतल्या प्राणवायूशी संयोग झालेलं शिसंच. जेवढी मळी तेवढं विकत घेतलेलं शिसं वाया. वीस किलोच्या घाण्याला काकांची दीड-दोन किलो मळी निघायची. किलोला दोनशेच्या आसपास भाव धरा आणि हिशोब करा.

मी पुण्याजवळ एका प्लास्टिकच्या कारखान्यात देखभालीचं काम केलं, सोळा वर्षं. मोल्डिंग मशीनच्या बॅरलचं तापमान दोन अंशांत धरून ठेवायचं, हे रोजचं काम. गेल्या वर्षी गावी कायमचा आलो. पडवीत बसून काकांची चुलीशी चाललेली मारामारी बघितली आणि म्हटलं, काका, हे मी तुम्हाला विजेवर करून देतो. ३८० म्हणालात की ३८०. काका हसले. काकी म्हणाली, धूर तरी जाईल डोळ्यांतला.

इथून पुढे थोडं तांत्रिक आहे. मुद्दाम लिहितोय, कारण दोघा-तिघांनी फोन करून विचारलंय आणि मी केलेल्या चुका त्यांनी करू नयेत.

भांडं म्हणजे सहा इंची लोखंडी पाईपचा तुकडा, खाली जाड प्लेट वेल्डिंग केलेली. अॅल्युमिनियमचं पातेलं घेऊन हा उद्योग कोणी करू नका. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्याच्या आधीच मऊ पडतं. भांड्याभोवती दोन किलोवॅटचा बँड हीटर, त्यावर सिरॅमिक लोकरीचं आवरण, बाहेर विटा. गणित केलं तर वीस किलो शिसं थंडपासून ३८० पर्यंत न्यायला फार ऊर्जा लागत नाही, कारण शिसं पाण्यासारखं उष्णता पिणारं नाही. आमची कढई पंचवीस मिनिटांत तयार होते.

तापमान मोजायला के टाईपचा थर्मोकपल, स्टीलच्या नळीतला. तो भांड्याच्या भिंतीला टेकता कामा नये, तळालाही नाही. शिशाच्या मध्यावर बुडलेला हवा आणि तिथे पक्का बांधलेला हवा. पक्का यासाठी की तो चुकून बाहेर पडला तर त्याला पडवीतली हवा लागते, कंट्रोलरला वाटतं कढई थंड आहे आणि तो हीटर पूर्ण सोडून बसतो. त्याच्या दोन वायरी उलट जोडल्या तरी तोच घोटाळा. कढई तापते आणि आकडा खाली जातो.

आता कंट्रोलर. साधा थर्मोस्टॅट ३८० ला बंद करतो आणि खाली गेलं की चालू करतो. पण हीटर बंद केला तरी त्याच्यात आणि भांड्याच्या लोखंडात साठलेली उष्णता शिशात येतच राहते. आकडा ४०५ पर्यंत जाऊन मग उतरतो, आणि उतरताना ३६० च्या खाली जाऊन मग वळतो. म्हणजे चुलीपेक्षा बरं, एवढंच. पीआयडी कंट्रोलर वेगळं करतो. काकांना मी होडीचं उदाहरण दिलं. तांडेल धक्क्याला होडी लावताना धक्का लागेपर्यंत इंजिन पळवत नाही. अंतर कमी होईल तसा वेग कमी करतो. हा झाला पहिला भाग. ओहोटीचा ओढ असेल आणि होडी हातभर अलीकडेच थांबत असेल तर थोडा थोडा जोर वाढवत नेतो, हा दुसरा. आणि होडी फारच वेगात येतेय असं दिसलं तर अंतर बाकी असतानाच मागे खेचतो, हा तिसरा. कंट्रोलर हे तिन्ही हिशोब दर क्षणाला करतो आणि हीटरला दोन सेकंदांतला किती वेळ वीज द्यायची ते ठरवतो. काका म्हणाले, मगे ह्येका तांडेल म्हण. तेव्हापासून आमच्याकडे त्या डब्याला तांडेलच म्हणतात.

पहिल्या दिवशीची गंमत सांगतो. आकडा चढत चढत ३२७ ला आला आणि थांबला. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. बाजूचे चार जण बघायला जमलेले. काका म्हणाले, “तुझो मीटर बंद पडलो रे.” मीटर बंद नव्हता पडला. शिसं ३२७.५ अंशांना वितळतं आणि वितळत असताना दिलेली सगळी उष्णता वितळण्यातच खर्च होते, आकडा हलत नाही. शेवटचा तुकडा विरघळला आणि आकडा परत चालू लागला. लोकांनी टाळ्या वाजवायच्या बाकी ठेवल्या होत्या. शाळेत सुप्त उष्णता नावाचा धडा पाठ केला होता, तो असा पडवीत भेटला.

हा थांबा फार उपयोगाचा आहे. शुद्ध शिशाची वीट घेऊन वितळवा आणि तुमचा मीटर कुठे थांबतो ते बघा. आमचा दुसरा थर्मोकपल ३३३ ला थांबला, म्हणजे तो साडेपाच अंश जास्त दाखवत होता. तेवढी दुरुस्ती कंट्रोलरमध्ये घालता येते. भंगारातल्या शिशावर हे करू नका. त्यात अँटिमनी-कथील मिसळलेलं असतं, ते एका आकड्यावर वितळत नाही.

आता माझी पहिली चूक. हीटरची वीज चालू-बंद करायला एसएसआर लागतो, सॉलिड स्टेट रिले. त्याला हलणारे भाग नाहीत, आवाज नाही, पण नऊ अँपिअर त्याच्यातून जात असताना तो स्वतः दहा-बारा वॅट उष्णता टाकतो. त्यासाठी त्याच्यामागे अॅल्युमिनियमची जाळीदार पट्टी लावायची असते. ती पार्सलमधून आली नव्हती. बंदीचे दिवस चाललेले, काकांकडे ऑर्डर पडलेली. मी म्हटलं, आठवडाभर चालेल असाच. प्लास्टिकच्या डब्यात स्क्रूने बसवला आणि मोकळा झालो. कारखान्यात हाताखालच्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला उभा-आडवा घेतला असता.

पाचव्या दिवशी दुपारी, सगळे जेवायला आत. वहिनी कसल्यातरी कामाला पडवीत गेली आणि तिथूनच ओरडली. मी धावलो. आकडा ५४०. कंट्रोलरचा हीटरचा दिवा विझलेला, म्हणजे तांडेल सांगतोय इंजिन बंद, आणि इंजिन पूर्ण पळतंय. एसएसआर जळला की बहुतेक वेळा तो उघडा राहत नाही, जोडलेलाच राहतो. हे मला माहीत होतं. सोळा वर्षं माहीत होतं. मुख्य स्विच ओढला. शिशावर पिवळ्या-जांभळ्या रंगाची साय आलेली आणि भांड्याची आतली बाजू अंधारात अगदी पुसट लाल. आणि पडवीच्या त्याच जमिनीवर, कढईपासून सहा-सात हातांवर, पुतण्याची अडीच वर्षांची मुलगी झाकणं मांडून खेळत होती.

काही झालं नाही त्या दिवशी. पण पावसाळा होता. पडवीचं कौल एका कोपऱ्यात गळतं. वितळलेल्या शिशाच्या पृष्ठभागावर एखादा थेंब पडला तर चुर्र करून उडून जातो. तोच थेंब ओल्या भंगाराबरोबर शिशाच्या खाली गेला तर त्याची वाफ सोळाशे-सतराशे पट जागा मागते, आणि ती जागा वरचं शिसं उडवून मिळवते. ज्यांनी कढई उडालेली बघितलीय त्यांना सांगायला नको. आम्ही आता नवं शिसं आधी भांड्याच्या काठावर ठेवून वाळवतो, मगच आत सोडतो. पळी सुद्धा.

दुसऱ्या दिवसापासून त्या कढईला दोन स्वतंत्र पहारेकरी आहेत. एसएसआर योग्य पट्टीवर, आणि त्याच्या आधी एक कॉन्टॅक्टर. त्या कॉन्टॅक्टरला वेगळा, साधा थर्मोस्टॅट, वेगळा सेन्सर. ४३० ला गेलं की तो सगळी वीज तोडतो आणि हाताने बटण दाबल्याशिवाय परत जोडत नाही. भांड्याला अर्थिंग आणि लाईनला ईएलसीबी. एकूण खर्च सात हजारांच्या आत. कोणी तुम्हाला नुसता कंट्रोलर आणि एसएसआर जोडून देत असेल तर घेऊ नका, मी जोडून देत असलो तरी.

त्यानंतर मात्र सगळं छान चाललं. आकडा ३७८ ते ३८२. मणी एकसारखे, वजनाला फरक नाही, फुकट जाणारे जवळजवळ नाहीत. मळी वीस किलोला पाऊण किलोवर आली. धूर नाही. आणि मी सगळ्यांना ऐकवत होतो की आता विषाचीही भीती नाही. माझं म्हणणं असं, की शिसं उकळतं १७४९ अंशांना. पाचशेच्या खाली त्याची वाफ अगदी नगण्य. आपण बसलोय ३८० वर. म्हणजे झालं. तापमान आवरलं की शिसं आवरलं.

हाच तो गैरसमज.

गणपतीच्या आधी ती छोटी सारखी पोटात दुखतं म्हणायला लागली. जेवायची नाही, फिकट दिसायची. जंताचं औषध झालं, टॉनिक झालं. शेवटी पुतण्या तिला घेऊन गोव्याला एका बालरोगतज्ज्ञांकडे गेला. डॉक्टरांनी रक्तात लोह कमी आहे हे बघितलं आणि एक प्रश्न विचारला, जो तोपर्यंत कोणी विचारला नव्हता. घरात कोण काय काम करतं? पुतण्याने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, रक्तातलं शिसं तपासू. नमुना मुंबईला गेला. आठ दिवसांनी आकडा आला. १७ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटर.

या आकड्याचा अर्थ सांगतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी माहीत नाही, आणि ५ किंवा त्याच्या वर असेल तर शिसं कुठून येतंय ते शोधून थांबवा. अमेरिकेत तर २०२१ पासून ३.५ च्या वरच्या मुलाकडे लक्ष द्यायला सांगतात. ४५ च्या वर गेलं तर शिसं बाहेर काढायची औषधं द्यावी लागतात. १७ म्हणजे औषध नाही, पण मेंदूच्या वाढीवर परिणाम होईल एवढं. तो परिणाम दिसत नाही. पोर जरा हट्टी वाटतं, जरा मागे वाटतं. आपण म्हणतो, स्वभाव.

काकांचंही रक्त दिलं, माझंही. काका ४६. मी ९. काका म्हणाले, “इतकी वर्सा करतंय, माका काय झाला?” पण गेली चार वर्षं रक्तदाबाची गोळी चालू आहे, हात थरथरतो, बद्धकोष्ठ कायमचं. हे सगळं शिशानेच झालं असं मी म्हणणार नाही, वयही आहे. पण शिसं यातलं प्रत्येक करू शकतं.

मी त्या डॉक्टरांना फोन करून माझं गणित ऐकवलं. वाफेचा दाब, ३८० अंश, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, वरची मळी कोण काढतं, कुठे टाकतात?

मी गप्प झालो. कारण मळी काका काढतात, पळीने, पत्र्याच्या डब्यात. संध्याकाळी ती चाळणीने चाळतात, कारण तिच्यात शिशाचे बारीक मणी असतात आणि ते फुकट घालवायचे नाहीत. चाळताना करडी-पिवळी पूड उडते. मग पडवी झाडूने झाडतात. मग काका पायरीवर बसून त्याच हातांनी पान-तंबाखू लावतात. त्याच शर्टाने नातीला मांडीवर घेतात. आणि ती ज्या जमिनीवर दिवसभर खेळते, तिथला हात तोंडात घालते, कारण अडीच वर्षांचं पोर हात तोंडातच घालतं. आणखी एक. जाळ्याला शिसं लावताना आपल्याकडे निम्मे लोक ते दातांनी दाबतात. मी लहानपणी दाबलंय. तुमच्यापैकीही किती जणांनी दाबलं असेल.

म्हणजे मी पंचवीस वर्षांचा प्रश्न वाफेत शोधत होतो आणि तो झाडूत होता. तापमान आवरल्याने मळी कमी झाली, म्हणून पूडही कमी झाली, हे खरं. कंट्रोलर फुकट गेला नाही. पण राहिलेली पाऊण किलो चाळून, झाडून, अंगावर घेऊन घरात आणत होतो. आणि आधीच्या पंचवीस वर्षांची पूड त्या मातीच्या जमिनीत होतीच.

मग काय केलं. कढई घरातून हलवली. माडांच्या मागे, वाऱ्याच्या खालच्या बाजूला पत्र्याची शेड, कोबा केलेली जमीन. पोरांनी तिथे यायचं नाही, वहिनीनेही नाही. मळी न चाळता झाकणाच्या डब्यात. कढई पूर्ण थंड झाली की मगच जमीन ओल्या फडक्याने पुसायची, झाडू बंद. इथे एक गोची आहे ती लक्षात घ्या. पुडीला पाणी लागतं आणि गरम शिशाजवळ पाणी चालत नाही. म्हणून आधी मुख्य स्विच, मग संध्याकाळ, मग फडकं. कामाचा शर्ट-लुंगी शेडमध्येच, धुवायची वेगळी. पानाला हात लावायच्या आधी साबण. काकांना सगळ्यात जड हेच गेलं. पडवीची वरची माती वीतभर काढून नवीन घातली आणि वर फरशी केली. छोटीला डॉक्टरांनी लोह, कॅल्शियम दिलं, कारण ही दोन कमी असली की आतडं शिसं जास्त ओढून घेतं. तोंडावर बांधायला रुमाल नव्हे, बारीक धुळीचा मास्क.

आता जरा सार्वजनिक बोलतो, त्यासाठीच लिहायला बसलो.

शिशाबद्दल आपल्या देशात काहीच झालं नाही असं नाही. २००० साली पेट्रोलमधलं शिसं गेलं. घरगुती रंगात ९० पीपीएमच्या वर शिसं नको असा नियम २०१६ मध्ये झाला. जुन्या बॅटऱ्या कोणी गोळा करायच्या आणि कुठे वितळवायच्या याचे नियम २००१ पासून आहेत, २०२२ मध्ये नवे आले. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, कळवायलाच हवेत अशा रोगांच्या यादीत, शिशाची विषबाधा पहिल्या क्रमांकावर होती. पण काकांची पडवी म्हणजे कारखाना नाही. तिथे मालक, कामगार, आजोबा सगळं एकच. त्यामुळे कळवणारा कोणी नाही आणि कळवून घेणाराही कोणी नाही. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांचा २०२० चा अहवाल सांगतो की भारतात साधारण साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात शिसं ५ किंवा त्याच्या वर असावं. जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. त्यात आमची एक.

इंग्लंडमध्ये १९८७ साली गळाला लावायची साधारण २८ ग्रॅमपर्यंतची शिशाची वजनं विकायला बंदी झाली, कशासाठी, तर राजहंस ती गिळून मरत होते म्हणून. हंसाचं मला वाईट वाटतं. पण आमच्याकडे नात आहे.

मी बंदी मागत नाही. उद्या शिसं बंद केलं तर काकांनी काय करायचं आणि पागाला काय लावायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. मागणं साधं आहे. जाळ्याला, इंजिनाला, डिझेलला सरकारच्या योजना आहेत. त्या दोन बंदीच्या महिन्यांत, सगळे घरी असताना, किनाऱ्यावरच्या शिसं ओतणाऱ्या घरांतल्या मुलांचं रक्त एकदा तपासा. आमच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात ही तपासणी होत नाही. मी विचारायला गेलो तेव्हा खिडकीवरच्या माणसाने मला, शिसं म्हणजे पेन्सिलीतलं का, असं विचारलं. त्याला दोष देत नाही, पेन्सिलीत शिसं नसतं एवढं सांगून आलो. पुतण्याला गोव्याच्या फेऱ्या, तपासण्या मिळून जो खर्च आला त्यात असे दोन तांडेल बसले असते. आणि आयटीआयच्या मुलांना हा डबा एका दिवसात बांधता येईल, वर शेडमध्ये धूर ओढणारा पंखाही. ग्रामसभेत मी हे लेखी दिलंय. पुढच्या सभेत विषय येणार आहे. आपल्या वाडीतले लोक आले तर बरं होईल, एकट्याने बोललं की घरगुती भांडण वाटतं.

शेजारी एक-दोघांना राग आलाय हेही माहीत आहे. मी काकांच्या धंद्याची बदनामी करतोय असं म्हणणं आहे. ही पोस्ट काकांना वाचून दाखवली आहे. तंबाखूचं काढ म्हणाले, मी नाही काढलं. बाकी सगळं राहू दे म्हणाले.

परवा पाच महिन्यांनी परत रक्त दिलं होतं. छोटी ११, काका ३४. डॉक्टर म्हणाले, उतरतंय, पण सावकाश उतरणार, हाडांत साठलेलं हळूहळू बाहेर येत राहतं. पुढची तपासणी मे महिन्यात, बंदी लागायच्या आधी. काकांकडे तीन पागांची ऑर्डर आहे. शेडच्या दाराला पुतण्याने आतून-बाहेरून दोन्हीकडे कडी बसवलीय, बाहेरची छोटीच्या हाताला लागणार नाही एवढी उंच.

वायरिंगचा नकाशा मी हाताने काढून ठेवलाय. ज्यांना हवा त्यांनी घरी या. फोटो पाठवणार नाही, कारण कॉन्टॅक्टर आणि दुसरा थर्मोस्टॅट लोक वगळतात आणि बाकीचं जोडतात. मी स्वतः तेच केलं होतं.